स्कोअररच्या कागदावरून क्लिपचं नाव : खो-खोचे व्हिडिओ हवे तेव्हा सापडावेत म्हणून

ज्यांना कानात इअरफोन घालायला आत्ता वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘अं’ आले ते काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय दिसायला अगदी किरकोळ आहे. मॅचचे व्हिडिओ कापले, की ज्या शंभर-दोनशे छोट्या क्लिप्स पडतात, त्यांना नावं काय द्यायची? मी गंगापूर रोडला राहतो. अशोक स्तंभाकडून आनंदवलीकडे निघालात तर वाटेत कॉलेजं, वसतिगृहं, मैदानं, क्लासेस यांची रांगच लागते. संध्याकाळी मैदानांवर मुलं-मुली खेळत असतात आणि प्रत्येक मैदानाच्या कडेला कुणीतरी फोन आडवा धरून उभं असतं. शूटिंग आता सगळ्यांनाच येतं. अडचण येते महिन्याभराने, जेव्हा सर विचारतात, ‘त्या सेमीफायनलमध्ये आपली सात नंबर खांबावर कशी बाद झाली होती, तो व्हिडिओ दाखव रे.’ मग अर्धा तास गॅलरी वरखाली.

मी जास्त करून खो-खोचे व्हिडिओ कापतो, त्यामुळे उदाहरणं खो-खोची. कबड्डी, क्रिकेट, बॅडमिंटन काहीही असलं तरी पद्धत तीच लागू पडते.

आधी फोन स्वतःहून काय नाव देतो ते बघू. बरेच अँड्रॉइड फोन ‘व्हीआयडी’ लिहून पुढे तारीख आणि वेळ टाकतात. हे खरं तर चांगलं नाव आहे, निदान कधीचं ते कळतं. आयफोन ‘आयएमजी’ आणि चार आकडी नंबर देतो, त्यातून काहीच कळत नाही. गोप्रोची तर वेगळीच गंमत. मोठं रेकॉर्डिंग असलं की तो त्याचे तुकडे करतो आणि तुकड्याचा नंबर आधी, रेकॉर्डिंगचा नंबर नंतर लिहितो. म्हणजे चौतीस नंबरच्या रेकॉर्डिंगचे दोन तुकडे ‘०१००३४’ आणि ‘०२००३४’ होतात. नावाप्रमाणे लावले की पहिला तुकडा एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये दिवसभराच्या बाकी सगळ्या फाइल्स. आणि व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ? त्याचं मूळ नाव पुसलं जातं आणि तो तुमच्याकडे कधी आला ती तारीख लागते. रविवारी झालेली मॅच मंगळवारची होऊन जाते.

आता माणसं काय नाव देतात? ‘भारी १’, ‘भारी २’, ‘लय भारी’. आणि ‘फायनल’. खेळाच्या व्हिडिओत या ‘फायनल’ने जेवढा घोळ घातलाय तेवढा कशानेच नसेल. फायनल म्हणजे अंतिम सामना की एडिटिंगची शेवटची आवृत्ती? ‘फायनल फायनल’ नावाची फाइल बघितली की कळायला मार्ग नाही. मी आवृत्तीला सरळ ‘व०१’, ‘व०२’ लिहितो आणि ‘फायनल’ शब्द फक्त सामन्यासाठी ठेवतो.

‘भारी’मध्ये अडचण अशी, की ते मत आहे, आणि मत बदलतं. रीलसाठी भारी असलेला सूर सरांना नको असतो. सरांना हवी असते ती क्लिप, जिच्यात काहीच ‘झालं’ नाही. त्यावर पुढे येतोच.

तर मग नावात काय लिहायचं? हे शोधायला लांब जायची गरज नाही, मैदानाच्या कडेलाच टेबल टाकून एक माणूस ते लिहीत बसलेला असतो: स्कोअरर. खो-खोचा गुणपत्रक कागद कधी नीट बघितलाय? नसेल तर पुढच्या सामन्यानंतर जरूर बघा. पारंपरिक नियमांत मोठ्या गटाचा एक टर्न ९ मिनिटांचा, दोन डावांचे मिळून चार टर्न. संरक्षक तिघा-तिघांच्या तुकडीने मैदानात येतात. प्रत्येक वेळी कुणी बाद झालं, की स्कोअरर लिहितो: कोणता नंबर बाद झाला, कोणत्या नंबरने केला, टर्नच्या कितव्या मिनिट-सेकंदाला, त्या संरक्षकाने स्वतः किती वेळ काढला आणि बाद कसा झाला त्याची खूण. आपल्या क्लिपला जी माहिती हवी, ती सगळी इथे एका ओळीत आहे. तीसुद्धा नियमाने, पंचांच्या देखत लिहिलेली. आपण वेगळं डोकं कशाला लढवायचं?

सामना संपला की मी परवानगी घेऊन त्या कागदाचा फोटो काढतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट एक-दोन स्कोअरर काकांनी खुर्ची पुढे केली.

आणि एक छोटी युक्ती, जिच्यामुळे निम्मं काम वाचतं. टर्न सुरू व्हायची शिट्टी वाजली की रेकॉर्डिंग चालू करायचं, टर्न संपला की बंद. पंचांनी घड्याळ थांबवलं तर आपणही पॉज. म्हणजे एका टर्नची एक फाइल, आणि व्हिडिओतली वेळ हीच टर्नची वेळ. कागदावर ‘३ मिनिटं १२ सेकंद’ लिहिलं असेल, तर व्हिडिओत ३ मिनिटं १२ सेकंदांवर जायचं, बाद होणं तिथेच सापडतं. मागे आठ-दहा सेकंद, पुढे दोन-तीन सेकंद ठेवून कापायचं. मागचे सेकंद महत्त्वाचे. हुल कुठे दिली, साखळीत कुठे चुकलं, हे बाद होण्याच्या आधी दिसतं. जागेचीही भीती नको: आयफोनवर फुल एचडी, तीस फ्रेमचं रेकॉर्डिंग सेटिंगप्रमाणे मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी घेतं. म्हणजे चार टर्नची ३६ मिनिटं दोन ते पावणेपाच जीबीत बसतात.

मी नाव असं देतो. इथे नागरीत लिहिलंय, फोनवर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करा, नाहीतर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन-चौकोन दिसायची भीती असते:

२०२५१११६_सा०२_ट३_०३१२_सं-ना०७_आ-ठा०४_खांब

घाबरू नका, एकेक बघू. आधी तारीख: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. आपण बोलताना दिवस आधी म्हणतो, पण फाइलच्या नावात दिवस आधी आला की सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र गोळा होतात. मग सामना दुसरा. टर्न तिसरा. वेळ ३ मिनिटं १२ सेकंद. मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं देऊ नका, विंडोज ते चिन्ह नावात घेतच नाही. मग संरक्षक नाशिकची सात, आक्रमक ठाण्याची चार. शेवटी प्रकार: खांबावर बाद.

संघाचं अक्षर का? कारण सात नंबर दोन्ही संघांत असतो. शून्य का? कारण शून्य नसेल तर बऱ्याच ॲपमध्ये १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ बिचारा खूप मागे. आणि वेळ नंबरांच्या आधी का? कारण नावाप्रमाणे लावलं की पूर्ण सामना घडला त्याच क्रमाने उलगडतो. एखादा खेळाडू हवा असेल तर शोधात ‘सं-ना०७’ टाकायचं.

‘एवढं लांब नाव कशाला, फोल्डर करूया की’ असं कुणीतरी म्हणणारच. फोल्डर मीही करतो, सामन्यागणिक एक. पण फाइल फोल्डर सोबत घेऊन फिरत नाही. तुम्ही ग्रुपवर एक क्लिप टाकली की ती एकटी निघाली प्रवासाला. तिच्या कपाळावर सगळं लिहिलेलं असेल तरच ती परत घरी येईल. पाठवतानाही व्हिडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नावही राहतं आणि चित्रही दाबलं जात नाही.

प्रकारांची यादी छोटी ठेवा. माझ्याकडे सहा आहेत: खांब, सूर, स्पर्श, बाहेर, चूक आणि सुटका. बस. वीस प्रकार केले तर पंधराव्या मिनिटाला तुम्हीच गोंधळाल की हा ‘सूर’ की ‘अर्धा सूर’. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने दोन्ही गटांत जिंकला, महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघं आपल्या महाराष्ट्राचे. तिथला खेळ सात-सातचा, त्यात वजीर आणि ड्रीम रनही होतं. तुम्ही तशा वेगवान प्रकाराचे सामने कापत असाल तर हे दोन शब्द वाढवा, बाकी तसंच.

आता तो सहावा प्रकार: सुटका. मला आज खरं बोलायचं होतं ते याच्याबद्दल.

स्कोअररच्या कागदावर एक गोष्ट नसते. संरक्षक तीन मिनिटं पळाली, पाच वेळा आक्रमकाला चकवलं, सहाव्या वेळी बाद झाली. कागदावर तिची वेळ येते आणि बाद होणं येतं. त्या पाच चकवण्यांची वेगळी ओळ नसते. मग आपण कागद बघून कापलं की क्लिप फक्त बाद होण्याची पडते. बारा-पंधरा सामने झाले की त्या मुलीच्या नावावर फोनमध्ये काय साठतं? फक्त बाद, बाद आणि बाद.

इंग्लंडमध्ये चार्ल्स रीप नावाचे हवाई दलातले एक हिशेबनीस होते. १८ मार्च १९५० ला स्विंडनच्या मैदानावर फुटबॉलचा सामना बघताना त्यांनी पेन्सिलीने प्रत्येक हल्ल्याच्या खुणा लिहायला सुरुवात केली. व्हिडिओ नाही, कॉम्प्युटर नाही, नुसती वही. पुढची कित्येक वर्षं ते नोंदी करत राहिले आणि त्यातून त्यांनी काढलं, की बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासमधून होतात, तेव्हा चेंडू लवकर लांब मारा. नंतर लोकांनी बोट ठेवलं: अहो, पण बहुतेक हल्ले मुळात तीन पासच्या आतच संपतात, गोल न होता! नुसते गोल मोजले की असंच दिसणार. एवढ्या चिकाटीचा माणूस, नोंदी चोख, तरी निष्कर्ष लंगडा.

आपल्या फोनमध्ये नेमकं हेच होतं. गेल्या हिवाळ्यात सुरगाण्याकडच्या, इथे वसतिगृहात राहून शिकणाऱ्या एका मुलीचं पहिल्या तुकडीतलं स्थान जाणार होतं. ग्रुपवर तिच्या तीन क्लिप्स फिरत होत्या, तिन्हीत ती खांबाजवळ बाद. ‘खांबावर घाबरते ती, तिसऱ्या तुकडीत टाकू,’ असं सरांचं ठरत आलं होतं. पहिली तुकडी तिसरीत जाणं म्हणजे काय, हे खेळणाऱ्यांना सांगायला नको. ती मुलगी काही बोलली नाही. मैदानावर मोठ्यांसमोर ‘नाही’ म्हणायची सवयच नसते या मुलींना.

मी सरांना म्हटलं, ‘सर, पाच मिनिटं द्या.’ शोधात तिचा नंबर टाकला. तीन सामन्यांच्या ३१ क्लिप्स आल्या: ६ बाद, २५ सुटका. मग ‘खांब’ शोधलं तर त्या सहातल्या पाच खांबावरच्या. सरांनी त्या पाच ओळीने बघितल्या. चौथ्याला थांबवून म्हणाले, ‘अरे, ही दरवेळी एकाच बाजूने वळतेय.’ त्यानंतर सुटका बघायला लागले. तिथे ती दुसऱ्या बाजूने वळून खांबाजवळून सहज निघून जात होती. म्हणजे भीतीचा प्रश्न नव्हता, एका पायाच्या वळणाचा होता, आणि त्याचा सराव होऊ शकतो. ती पहिल्या तुकडीतच राहिली. निघताना मला म्हणाली, ‘दादा, त्या पंचवीसवाल्या मला पाठवाल का?’

सुटका कापायला जास्त वेळ लागतो, हे मान्य. कागदावर वेळ नसते, पूर्ण टर्न बघावा लागतो. मी दीडपट वेगाने बघतो, आणि आक्रमक हाताच्या अंतरावर येऊनही संरक्षक निसटली तरच कापतो. नुसतं मोकळं पळणं कापत नाही.

क्लिपच्या नावात मुलीचं नाव मी कधीच लिहीत नाही. क्लिप कुठे कुठे जाईल यावर आपला ताबा नसतो, आणि खेळाडू बऱ्याचदा शाळकरी असतात. नंबर पुरतो. कोणत्या स्पर्धेत कोणता नंबर कुणाचा, याची यादी प्रत्येक स्पर्धेची वेगळी, आपल्याजवळ ठेवायची. कारण जर्सी बदलली की नंबर बदलतो.

नाव कधी द्यायचं? कापून झाल्या झाल्या, एडिटिंग ॲपमध्ये घ्यायच्या आधी. एकदा प्रोजेक्टमध्ये क्लिप घेतली आणि मग बाहेरून नाव बदललं, तर बहुतेक प्रोग्रॅमना ती सापडत नाही. लॅपटॉपवर लाल पाटी येते आणि बारा वाजतात. अँड्रॉइडवर ‘फाइल्स’ ॲपमध्ये नाव बदलता येतं. आयफोनच्या फोटोंमध्ये बदलता येत नाही, आधी क्लिप ‘फाइल्स’मध्ये सेव्ह करा. विंडोजवर ‘एफ २’ दाबून नाव लिहा आणि मग टॅब दाबा, थेट पुढच्या फाइलच्या नावावर जातो. हे कळल्यापासून माझा एका सामन्याचा वेळ चहाच्या एका कपात बसतो, म्हणजे कप जरा मोठा धरा.

एका श्रोत्याने विचारलंय, की जुन्या, नाव नसलेल्या दोन वर्षांच्या क्लिप्सचं काय करायचं? सगळ्यांना नावं देत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. त्या महिन्याप्रमाणे फोल्डरमध्ये टाका, आणि जी क्लिप कुणी मागेल, शोधून सापडेल, तिला त्याच वेळी नाव द्या. ज्या मागितल्या जातात त्यांना नावं मिळत जातात. बाकीच्या राहिल्या तरी चालेल.