‘वात झाला’ म्हणून सोडून देऊ नका

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयात ‘आता आणखी उपचार नकोत, घरी न्या, त्रास होणार नाही एवढे पाहा’ असे सांगितले जाते आणि कर्करोगाचा रुग्ण शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या आपल्या गावी परततो. सोबत गोळ्यांची पिशवी असते. वेदना, धाप, जखमेची निगा याबद्दल घरच्यांना थोडेफार सांगितलेले असते. मात्र, एका गोष्टीची कल्पना बहुधा कुणीच दिलेली नसते. एखाद्या संध्याकाळी आजोबा अचानक मुलाला ओळखेनासे होतात. कोपऱ्यात कुणी उभे आहे म्हणतात, पांघरूण चिवडतात, अंगावरचे कपडे ओढतात. ‘गोळ्यांत विष घातलंय’ असेही म्हणतात.

याला जुन्या पिढीकडे नेमका शब्द आहे: ‘वात झाला’. वैद्यकशास्त्रात यालाच डेलिरियम म्हणतात. शब्द बरोबर आहे. त्यामागून येणारा निष्कर्ष मात्र घातक ठरू शकतो. ‘वात झाला, म्हणजे आता शेवट आला’ असे धरून नातेवाइकांना निरोप जातात, औषधपाणी थांबते. काही घरांत बाहेरची बाधा समजून अंगारा लावला जातो.

खरे म्हणजे डेलिरियम हा मेंदूवर आलेला तात्पुरता ताण असतो आणि त्यामागे बहुधा शरीरातले काही कारण असते. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांत तो फार मोठ्या प्रमाणात दिसतो, हे खरे. पण कॅनडातील एडमंटन येथे वाढलेल्या कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास झाला. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात डेलिरियमचे सुमारे निम्मे प्रसंग कारण शोधून उपचार केल्यावर ओसरल्याचे आढळले. म्हणजे दोनातल्या एका वेळी माणूस पुन्हा भानावर येऊ शकतो, मुलांशी बोलू शकतो, राहिलेली गोष्ट सांगू शकतो. शेवटच्या आठवड्यांत याचे मोल किती, हे सांगायला नको.

ओळखायचा कसा?

विसरभोळेपणाचा आजार महिनोन्महिने हळूहळू वाढतो. डेलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो. सकाळी बरे बोलणारा माणूस दिवेलागणीला बहकतो. लक्ष टिकत नाही. विचारलेला प्रश्न हरवतो.

आरडाओरडा करणारा डेलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतो. शांत डेलिरियम मात्र निसटतो. रुग्ण गप्प पडून राहतो, हाक मारली तर उशिरा डोळे उघडतो, घास तोंडात तसाच ठेवतो. घरच्यांना वाटते, बरे झाले, आराम पडला. प्रत्यक्षात डेलिरियममधून बाहेर आलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासात विचारले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांना तो अनुभव आठवत होता. गप्प पडलेल्यांनाही त्याचा त्रास आरडाओरडा करणाऱ्यांइतकाच झाला होता.

तपासणीसाठी स्कॅन लागत नाही. एडमंटनच्याच नव्हे, कोणत्याही मोठ्या शहराच्या रुग्णालयाची गरज नाही. स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे तयार झालेली ‘फोर-ए-टी’ ही चाचणी खाटेशेजारी दोन मिनिटांत होते. तिच्यात चार गोष्टी पाहतात: रुग्ण किती जागरूक आहे; वय, जन्मतारीख, ठिकाण आणि साल सांगता येते का; वर्षाचे महिने उलटे म्हणता येतात का; आणि वागण्यात अचानक बदल किंवा चढउतार झाला आहे का. चार किंवा त्याहून अधिक गुण झाले तर डेलिरियमची शक्यता धरतात.

आता खेड्यातल्या सत्तरीच्या आजींना जन्मतारीख ठाऊक नसते, चालू साल सांगता येत नाही आणि महिने उलटे म्हणण्याची सवयही नसते. मग चाचणी निरुपयोगी का? नाही. या दोन प्रश्नांवर शिक्षणाअभावी गुण गेले तरी ते तीनच्या आसपास थांबतात. महिन्यांऐवजी वार उलटे विचारून लक्ष टिकते का, याचा अंदाजही घेता येतो. मात्र, अचानक झालेल्या बदलाला एकट्याला चार गुण आहेत. तो बदल सांगू शकतात फक्त घरची माणसे. सून जेव्हा म्हणते, ‘परवापर्यंत अशा नव्हत्या,’ तेव्हा ते वाक्यच तपासणीचा सर्वांत वजनदार भाग असते. त्यामुळे आशा सेविका, परिचारिका किंवा डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत एक प्रश्न विचारावा: ‘आधीपेक्षा गोंधळल्यासारखे वाटतात का?’

कारण कुठे शोधायचे?

अनेकदा ते साधे असते. तुंबलेली लघवी, चार-पाच दिवस न झालेली शौचास, उन्हाळ्यात कमी पडलेले पाणी, छातीत किंवा लघवीत झालेला जंतुसंसर्ग. रक्तातले कॅल्शियम वाढणे, सोडियम घटणे, मूत्रपिंड किंवा यकृत मंदावणे हीही कारणे असतात. त्यांसाठी रक्ततपासणी लागते. नव्याने सुरू केलेली स्टेरॉइड, झोपेच्या गोळ्या आणि मॉर्फिन यांच्याकडेही पाहावे लागते.

इथे एक सापळा आहे. रुग्ण तळमळतो, कण्हतो. ते वेदनेमुळे असे समजून मॉर्फिन वाढवले जाते. मूत्रपिंड थकलेले असेल तर औषध शरीरात साठते, हातपाय झटके देऊ लागतात आणि भ्रम आणखी वाढतो. उलट टोक तितकेच वाईट: घाबरून मॉर्फिन एकदम बंद केले तर वेदना उसळते आणि तळमळ वाढते. मात्रा डॉक्टरांशी बोलूनच बदलावी.

शांत करण्याच्या औषधांबाबतही सावधगिरी हवी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत उपशामक सेवेतील सौम्य ते मध्यम डेलिरियमच्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन दिले गेले. औषध नसलेल्या द्रावणाच्या तुलनेत त्यांचा त्रास कमी न होता वाढला. रुग्ण फारच व्याकूळ असेल किंवा स्वतःला इजा करील अशी भीती असेल, तेव्हा डॉक्टर औषध देतात; पण ती पहिली पायरी नव्हे.

पहिली पायरी घरातच आहे. चष्मा आणि श्रवणयंत्र लावा. दिवसा खिडकी उघडी, रात्री मंद दिवा ठेवा. ओळखीचे एकच माणूस जवळ बसू द्या. भेटायला येणाऱ्यांची गर्दी आवरा. ‘तिथे कुणी नाही’ म्हणून वाद घालू नका; ‘मी आहे इथे’ एवढे सांगा. हातपाय खाटेला बांधू नका. आणि आजारी माणूस विषाचा आरोप करतो तेव्हा तो मेंदूच्या गोंधळातून बोलतो आहे, हे मनाला समजावा.

अखेरच्या दिवसांत सगळी कारणे दूर होत नाहीत, आणि तेव्हा सुया टोचत राहण्यापेक्षा आराम देणे हाच उपचार ठरतो. पण तो निर्णय तपासणीनंतर व्हावा. ग्रामीण रुग्णालयात जाताना किंवा डॉक्टरांना फोन करताना पाच गोष्टी लिहून घ्या: बदल कधीपासून, नवे औषध कोणते, लघवी कधी झाली, शौचास कधी झाली, ताप आहे का. कागदावरच्या या पाच ओळींवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.