पाण्याखालचे बंधू आणि आपली जबाबदारी

बीदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागापासून समुद्र फार दूर आहे. आपल्या पुष्कळ वाचकांनी तो पाहिलाही नसेल. तरीही पाणबुडीवरील नौसैनिकांविषयी आज आम्ही चार शब्द लिहीत आहोत. याचे कारण असे की, ज्या दोन गोष्टींवर त्यांची भिस्त असते त्या दोन्ही जमिनीवर घडतात. एक कारागिराचा चोख हात. दुसरी त्यांच्या घरातील स्वस्थता. या दोहोंत खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबांनाही आपला वाटा उचलता येईल.

भारताची पहिली पाणबुडी 'कलवरी' ही ८ डिसेंबर १९६७ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातील रीगा येथे आपल्या नौदलात दाखल झाली. पुढे मुंबईच्या माझगाव गोदीत पाणबुड्या बांधल्या जाऊ लागल्या. २०१७ पासून २०२५ पर्यंत कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर व वागशीर अशा सहा पाणबुड्या त्याच गोदीत तयार होऊन नौदलास मिळाल्या. यांतील 'खांदेरी' हे नाव शिवाजी महाराजांनी १६७९ साली अलिबागजवळच्या बेटावर उभारावयास घेतलेल्या जलदुर्गाचे आहे.

अशी पाणबुडी म्हणजे सुमारे ६७ मीटर लांबीचे पोलादी नळकांडेच होय. त्यात चाळीसांवर माणसे यंत्रांच्या गर्दीत राहतात. सूर्य दिसत नाही; दिवस कोणता व रात्र कोणती हे घड्याळ सांगते. डिझेल इंजिनास हवा लागते, म्हणून खोल पाण्यात सारा कारभार बॅटऱ्यांवर चालतो. पाण्यात दर १० मीटर खाली गेले की एका वातावरणाइतका दाब वाढतो. १०० मीटर खोलीवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर समुद्राचा सुमारे १० किलोंचा भार असतो. एखादा सांधा कच्चा राहिला तर काय होईल, हे सांगावयास नको.

याहून अवघड असते ते मौन. साध्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात शिरत नाहीत. फार लांब लहरींनी किनाऱ्यावरून पाठविलेला संदेश पाणबुडीस थोड्या खोलीपर्यंत मिळतो. परंतु तेथून त्याच मार्गाने उत्तर देता येत नाही. शिवाय आपला ठावठिकाणा उघड होऊ नये म्हणून पाणबुडीस गप्प राहावे लागते. घरी मूल तापाने फणफणत असो की वृद्ध आई अंथरुणास खिळलेली असो, पत्नीला पतीशी शब्दही बोलता येत नाही. योना संदेष्ट्याने माशाच्या पोटातून केलेला धावा परमेश्वराने ऐकला. या घरांतील स्त्रियांचाही तोच एक आधार असतो.

धोका खरा आहे. १४ ऑगस्ट २०१३ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीत स्फोट होऊन अठरा नौसैनिक मरण पावले. बुडालेल्या पाणबुडीतून माणसे वर आणणारे खास बचावयान २०१८ साली आपल्या नौदलास मिळाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु यान माणसे आणील. मागे राहिलेल्या घराची काळजी शेजाऱ्यांनीच वाहावी लागते.

दर्यावर्दी लोकांसाठी १९२० साली ग्लासगो येथे कॅथॉलिक सेवाकार्य सुरू झाले. पवित्र मरियेला 'समुद्रतारा' म्हणतात, तेच नाव त्याने धारण केले आहे. आपल्याकडे बंदर नाही. पण सैनिकाचे घर कोठेही असू शकते. आपल्या भागात घरची बोली मराठी, कचेरीचा कागद कानडी आणि नौदलाचे पत्र हिंदी वा इंग्रजी. अशा वेळी एखाद्या शिकल्या तरुणाने ते पत्र वाचून समजावून द्यावे, सैनिक कल्याण कार्यालयात सोबत जावे. शेजारणीने रात्री-अपरात्री दवाखान्याची सोबत करावी. धर्मग्रामाच्या मिस्सेत त्या कुटुंबाचे नाव घेतले जावे. यास पैसा लागत नाही, आपलेपणा लागतो.

आता मुलांविषयी. आपल्या बीदरच्या कारागिरांनी जस्त व तांब्याच्या मिश्रधातूत चांदीची तार बसवून आणि किल्ल्याच्या मातीने त्यास काळा रंग आणून बिदरीकाम जगास दाखविले. ज्या मातीत असे हात घडले तेथील मुलांना पोलादाचे भय कशास वाटावे? माझगाव गोदीस फिटर, वेल्डर, पाइप फिटर, इलेक्ट्रिशियन हे सारे लागतात आणि तेथे शिकाऊ उमेदवारही घेतले जातात. नौदलाच्या तांत्रिक कामास गणित व पदार्थविज्ञान पक्के हवे. लोणावळ्याच्या 'शिवाजी' केंद्रात नौदलाची यंत्रविद्या शिकविली जाते. पाणबुडीचे शिक्षण विशाखापट्टणच्या 'सातवाहन' केंद्रात मिळते. मुलगा असो वा मुलगी, आयटीआयचे शिक्षण हे नापासांचे ठिकाण आहे, ही समजूत आपण सोडली पाहिजे. दुसऱ्याचा जीव ज्याच्या कामावर विसंबतो, त्याचे काम हलके कसे?

संत योसेफाने सुतारशाळेत घाम गाळला. पोप बारावे पायस यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफाचा सण म्हणून नेमला. येत्या सणास आपल्या मुलांची हत्यारे वेदीपाशी आणावी, असे आम्हांस वाटते. त्या दिवशी पाण्याखाली पहारा करणाऱ्या बंधूंसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्या घरांसाठी जपमाळेचे एक दशक अवश्य म्हणावे.