केशवृद्धिचक्र

केसाची वाढ, तिचा अपक्षय व त्यानंतरची विश्रांती या अवस्थांच्या आवर्तनास केशवृद्धिचक्र म्हणतात. केस ज्या पिशवीसारख्या खोबणीतून उगवतो त्या केशपुटकात हे चक्र आयुष्यभर चालते. एफ्. डब्ल्यू. ड्राय यांनी १९२६ मध्ये उंदरांच्या अभ्यासावरून या अवस्थांना अनुक्रमे ॲनाजेन, कॅटाजेन व टेलोजेन अशी नावे दिली.

मानवी डोक्यावर सु. १,००,००० केस असून प्रत्येक पुटकाचे चक्र स्वतंत्र असते. म्हणून ते एकदम गळत नाहीत. तेथील वृद्ध्यवस्था २ ते ६ वर्षे, अपक्षयावस्था २–३ आठवडे व विश्रामावस्था सु. ३ महिने टिकते. भुवईच्या केसाची वृद्ध्यवस्था काही महिन्यांतच संपते, म्हणून तो आखूड राहतो. केसाची लांबी ही मुख्यत्वे काळाची बाब आहे आणि हा काळ जीन (आनुवंशिक घटक) ठरवितात.

विश्रामावस्थेत बीएमपी प्रथिने पुटकातील मूलकोशिकांना निष्क्रिय ठेवतात. त्यांचा प्रभाव ओसरून विंट गटातील प्रथिने प्रबळ झाली म्हणजे एरवी सतत नष्ट होणारे बीटा-कॅटेनिन कोशिकेत साचते, केंद्रकात शिरते व वाढीचे जीन कार्यान्वित करते. हा संदेश अनिर्बंध चालणे मात्र घातक असते. बीटा-कॅटेनिनाच्या जीनमधील उत्परिवर्तनामुळे केसाच्या मुळाशी अर्बुद (गाठ) होते.

वाढ थांबविण्यासाठीही संदेश लागतो. एफजीएफ-५ हा जीन निकामी केलेल्या उंदरांचे केस नेहमीपेक्षा बरेच लांब वाढतात, असे १९९४ मध्ये आढळले. लांब केसांच्या अनेक कुत्र्यांत व मांजरांत हाच जीन सदोष असतो. पापण्यांचे केस असाधारण लांब असलेल्या काही मानवी कुटुंबांतही तो दोष २०१४ मध्ये दिसून आला. तथापि अशा उंदरांचे केसही अखेर वाढायचे थांबतात. अर्थात हा एकमेव संदेश नव्हे.

पुरुषांच्या टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरोन हे हॉर्मोन टाळूवरील संवेदनक्षम पुटकांची वृद्ध्यवस्था चक्रागणिक घटविते आणि पुटके लहान होत जातात. तेच हॉर्मोन दाढीचे केस मात्र वाढविते. त्याच्या ग्राहीचा जीन एक्स गुणसूत्रावर, म्हणजे पुरुषास आईकडून मिळालेला असतो. टक्कल आजोळकडून येते या समजुतीत तेवढे तथ्य आहे. परंतु इतर अनेक संबंधित जीन वडिलांकडूनही येतात. टक्कल पडलेल्या त्वचेतही मूलकोशिका टिकून असतात, असे २०११ मध्ये दिसून आले. त्यांच्यापासून पुढे बनणाऱ्या पूर्वग कोशिका मात्र तेथे फार कमी असतात.