उसन्या समभागांचा आटलेला बाजार

भिलाईच्या कोहका भागात राहणारा, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला एखादा कर्मचारी डोळ्यांसमोर आणा. समजा, त्याच्या डीमॅट खात्यात ‘सेल’चे हजार समभाग वर्षानुवर्षे पडून आहेत. विकायचे नाहीत, लाभांश येईल तेवढ्यावर समाधान. हेच समभाग ठरावीक मुदतीसाठी उसने देऊन शुल्क मिळवता येते, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. दलाली पेढ्यांनाही त्यात फारसा रस नसतो.

कल्पना नवी नाही. मुंबई शेअर बाजारात बदल्याची पद्धत होती तेव्हा समभागांची टंचाई झाली की मंदीवाल्यालाच ते मिळवण्यासाठी पैसे मोजावे लागत. दलाल स्ट्रीटच्या बोलीत हा ‘उंधा बदला’. 2001 मध्ये बदला बंद झाला. सेबीची समभाग उसने देण्याची योजना 1997 ची असली, तरी आजच्या स्वरूपातील व्यवहार 21 एप्रिल 2008 पासून सुरू झाले. प्रारंभी मुदत जेमतेम सात दिवसांची होती, पुढे ती बारा महिन्यांपर्यंत वाढली.

देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन हमीदार म्हणून उभे असते. प्रतिसमभाग पन्नास पैसे मासिक शुल्क ठरले, तर हजार समभागांचे पाचशे रुपये, दलाली वजा जाता. दरम्यान जाहीर झालेला लाभांश मूळ मालकाकडेच येतो. समभाग असे देणे ही प्राप्तिकराच्या दृष्टीने विक्री नव्हे, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. मतदानाचा हक्क मात्र तेवढ्या काळापुरता जातो.

‘माझाच समभाग पाडणाऱ्याच्या हाती मीच शस्त्र का द्यावे?’ हा आक्षेप भावनेला पटतो, हिशेबाला नाही. दीर्घकाळ थांबणाऱ्याला तात्पुरती घसरण म्हणजे तोटा नव्हे. शिवाय नकाराला वाट दिली नाही, तर तो दुसरीकडून फुटतो. जानेवारी 2023 मध्ये अदानी समूहावर अहवाल काढणाऱ्या हिंडेनबर्गने आपली मंदीची बाजू अमेरिकेत व्यवहार होणारे रोखे आणि भारताबाहेरील डेरिव्हेटिव्ह यांमार्फत घेतल्याचे सांगितले होते. भारतीय रोख बाजार त्यात नव्हताच.

खरी जोखीम वेगळी आहे. शुल्क चढते ते नेमके घसरणीची अपेक्षा बाळगणारे वाढल्यावर, आणि त्याच वेळी मालकाला विकावेसे वाटले तर समभाग हाती नसतात. मुदतीपूर्वी परत मिळवता येतात, पण त्यासाठी त्याला बाजारातून तेवढेच समभाग त्या वेळच्या दराने उसने घ्यावे लागतात. हे सांगितल्याविना निवृत्तांना या वाटेवर आणणे अन्याय्य ठरेल.

आपल्याकडे मंदीवाल्यांचा ओढा वायद्यांकडेच राहिला. पण समभागांचे वायदे 2019 पासून प्रत्यक्ष समभाग देऊनच मिटवावे लागतात, म्हणजे उसन्या समभागांची गरज तिथेही आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये सेबीचे अध्यक्ष तुहिन कांत पांडे यांनी या साऱ्या चौकटीचा सर्वंकष आढावा घेण्याचे सूतोवाच केले. त्या आढाव्यात मोठ्या संस्थांच्या मागण्या पोहोचतीलच. कोहक्यातल्या निवृत्ताची गरज साधी आहे: मोबाइलवर समभागाच्या भावाशेजारी उसनवारीचा दर दिसावा, आणि त्याखाली परत मिळण्याची अट मराठी-हिंदीत.