मराठी घरांत काय वाचलें गेलें?

एखाद्या समाजाचें वाङ्मय कसें होतें, हें त्याचे ग्रंथकार सांगतात. पण तो समाज स्वतः काय वाचीत होता, हें त्याच्या घरांतील फडताळांतच पाहावें लागतें. दोन्ही ठिकाणीं उत्तर एकच मिळेल असें नाहीं. महाराष्ट्रापुरता हा शोध घ्यावयाचा झाल्यास कुपवाडच्या आसपासचा मुलूख फार सोयीचा आहे. सांगली आणि मिरज यांना लागून असलेलें हें गांव १९९८ पासून त्या दोन्ही शहरांसह एकाच महानगरपालिकेंत आहे. येथून थोड्याफार अंतरावरच मराठी वाचनाच्या इतिहासांतील कित्येक महत्त्वाचीं स्थळें सांपडतात.

त्यांपैकीं पहिलें औदुंबर. भिलवडीजवळ कृष्णेच्या कांठीं असलेल्या या क्षेत्रीं नृसिंहसरस्वतींचा चातुर्मास झाला, आणि त्यांचें चरित्र सांगणारा सरस्वती गंगाधरांचा ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ पुढें घरोघर सप्ताहरूपानें वाचला जाऊं लागला. त्या काळच्या वाचनाची रीत आजच्याहून निराळी होती. पोथी म्हणजे सुटीं, आडवीं पानें. हातानें नकललेलीं आणि फडक्यांत बांधून ठेवलेलीं. अशी एक प्रत तयार करणें हें वेळेचें आणि खर्चाचें काम. म्हणून पोथी एक, वाचणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ, असा हिशेब असे. चातुर्मासांत श्रीधरांचा ‘हरिविजय’ (१७०२) किंवा ‘पांडवप्रताप’ (१७१२) लावला जाई. अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांनाहि ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय मुखोद्गत असे. त्यांचें वाचन कानांनीं होत असे, इतकेंच.

विद्वानांचें वाचन याहून वेगळें असलें, तरी अगदींच तुटलेलें नव्हतें. शास्त्रीमंडळी संस्कृत काव्य आणि व्याकरण घोकीत. मराठींत पन्हाळगडावर जन्मलेल्या मोरोपंतांची (१७२९-१७९४) आर्या त्यांना प्रिय. ही आर्या संस्कृतप्रचुर व कठीण. परंतु कीर्तनकार ती गाऊन तिचा अर्थ उलगडून सांगे, आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या शेतकऱ्यापर्यंत महाभारत पोंचे. पंडित आणि प्राकृत जन यांच्या पुढें कथा एकच होती. तिचा पोषाख तेवढा दोन तऱ्हांचा होता.

तथापि या चित्राची काळी बाजू झांकतां येत नाहीं. वेदाचा अधिकार स्त्रीशूद्रांना नव्हता. ‘गुरुचरित्र’ स्त्रियांनीं स्वतः वाचूं नये, असाहि रूढीचा दंडक होता. कथा ऐकावयास सर्वांना मुभा असली, तरी पोथी हातीं घेण्याचा अधिकार थोड्यांचाच होता.

ही पोथी छापण्याचा एक अतिशय जुना प्रयत्न मिरजेंत झाला. ताम्रपटावर अक्षरें कोरून गीता छापावी आणि ब्राह्मणांना वांटावी, असा नाना फडणिसांचा बेत होता. १८०० सालीं नाना निवर्तले. पुढें ही कला शिकलेल्या कारागिरास गंगाधरराव पटवर्धनांनीं मिरजेस आणलें, आणि १८०५ सालीं तेथें गीता छापली गेली. यंत्र नवें आलें; पण ग्रंथ संस्कृत आणि वाचक तेच जुने राहिले.

वाचकवर्ग पालटला तो मुंबईच्या छापखान्यांनीं. १८३१ सालीं गणपत कृष्णाजींनीं शिळाछापावर पंचांग काढलें. छापाच्या शाईंत चरबी असते, या समजुतीनें सोंवळे लोक छापील ग्रंथास शिवत नसत. म्हणून धर्मग्रंथांच्या शाईंत तूप घालण्याची युक्ति त्यांनीं केली. पुढच्याच वर्षीं, १८३२ सालीं, बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें. कोल्हापुरांत १८५० सालीं नगरवाचनालय स्थापन झालें. १८५७ सालीं बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली. तिचा विषय हिंदु विधवांची दुःस्थिति हा होता. अरबी भाषेंतील सुरस गोष्टीहि याच सुमारास मराठींत आल्या. गंमत अशी, कीं त्या आणणारे कृष्णशास्त्री चिपळूणकर, आणि १८७४ पासून ‘निबंधमाला’ काढून मराठी गद्याला पंडिती वळण देणारे विष्णुशास्त्री हे त्यांचेच चिरंजीव. मनोरंजन आणि विद्वत्ता एकाच घरांत नांदत होतीं.

परंतु छपाईनें वाचन सर्वांचें होईल, ही आशा लवकर फळास आली नाहीं. पुण्यांत सावित्रीबाई व जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता नांवाच्या मांग मुलीनें १८५५ सालीं ‘ज्ञानोदया’त निबंध लिहिला. ज्यांना वेद पाहण्याचीहि मनाई, त्यांनीं आपला धर्म कोणता समजावा, असा तिच्या प्रश्नाचा आशय होता. तीस वर्षांनीं, १८८५ सालीं, पुण्यांत ग्रंथकारांची सभा भरणार होती. तिचें निमंत्रण जोतीरावांनीं नाकारलें. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचा मागमूस ज्या ग्रंथांत नाहीं, त्यांच्या कर्त्यांशीं आपला मेळ बसणार नाहीं, हें त्यांचें म्हणणें होतें. साहित्यिक आणि सामान्य यांतील दरी येथें स्पष्ट शब्दांत नोंदली गेली.

ती दरी बुजविण्याचें बरेंचसें श्रेय नियतकालिकांना द्यावें लागेल. इंग्लंडांत डिकन्सनें १८३६ पासून ‘पिकविक’ मासिक भागांनीं, एका भागास एक शिलिंग अशा दरानें विकली, आणि जाड ग्रंथ घेऊं न शकणारा वर्ग तिचा वाचक झाला. आपल्याकडे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः आली. ज्या घरांत विधवेचें दुःख बोलतां येत नव्हतें, तेथें तें दर आठवड्याला वाचलें जाऊं लागलें.

याच कामाचें पुढचें केंद्र पुन्हां सांगली परिसरांत सांपडतें. नांगर बनविणाऱ्या किर्लोस्करवाडींत १९२० सालीं ‘किर्लोस्कर खबर’ निघूं लागली. ती मूळची कारखान्याची. पण तींतूनच ‘किर्लोस्कर’ मासिक घडलें, आणि त्यास १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ यांची जोड मिळाली. जिला पोथी हातीं घेण्याची बंदी होती, तिच्या नांवानें आतां मासिक येऊं लागलें. तरीहि १९५१ च्या जनगणनेंत भारतांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा १८ च्या आसपासच होतें. म्हणजे पुष्कळ गांवीं एकानें वाचावें आणि इतरांनीं ऐकावें, ही जुनी रीत तोंवर संपलेली नव्हती.

त्या ऐकणाऱ्यांमधूनच वाटेगांवचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) पुढें आले. शाळेचें शिक्षण जवळजवळ नाहीं. पण पोवाडा, लावणी आणि तमाशा यांचे संस्कार कानांवर झालेले. त्यांची ‘फकिरा’ कादंबरी १९५९ सालीं प्रसिद्ध झाली व १९६१ सालीं तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. जोतीरावांनीं ग्रंथकारांकडे जें मागितलें होतें, तें अखेर ज्यांचें दुःख त्यांच्यांतल्याच एकानें लिहून दिलें.

म्हणून लोक हलकें वाचतात अशी तक्रार करण्यापूर्वीं, पुस्तक त्यांच्या हातीं केव्हां आणि किती उशिरां पडलें, हें आठवणें न्यायाचें होईल. १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला. त्या ग्रंथालयांतून बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा जशा घरोघर गेल्या, तशीच ‘फकिरा’हि गेली. पुष्कळांनीं दोन्हीं वाचलीं. एका पुस्तकानें लागलेली गोडी दुसऱ्यापर्यंत नेते. मात्र दुसरें पुस्तक त्याच कपाटांत असावें लागतें.