दम्याचं एक मूळ गादीत

पुण्यात कोणाला दम लागला की पहिला दोष जातो खोदलेल्या रस्त्यांना आणि वाहनांच्या धुराला. त्यांनी दमा बळावतो हे खरंच आहे. पण भर पावसाळ्यात, खिडक्या लावलेल्या असताना मूल पहाटे उठून बसतं, छाती सूं सूं वाजते, तेव्हा ते ज्या गादीवर बसलंय तीही तपासायला हवी.

गादी-उशीत डस्ट माइट असतात. कोळ्याच्या कुळातले, आठ पायांचे, मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे जीव. ते चावतात असं अनेकांना वाटतं. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर ते जगतात आणि पाणी हवेतूनच शोषतात. जुलै-ऑगस्टात पुण्याची हवा बहुधा 80 टक्क्यांहून दमट असते, म्हणजे त्यांची चंगळच. लख्ख घरातही ते असतात; त्यात गृहिणीचा काही दोष नाही.

घरातल्या धुळीची ॲलर्जी या माइटमुळे होते, हे फोरहोर्स्ट आणि स्पीक्स्मा या डच संशोधकांनी 1964 मध्ये दाखवलं. खरा उपद्रव त्यांच्या विष्ठेचा. तिच्यात ‘डर पी 1’ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम असतं. श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशी एकमेकींना जोडणारे टाके ते उसवतं. दुखावलेल्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. ॲलर्जीची प्रवृत्ती असलेल्या माणसात मग आयजीई प्रतिपिंडं तयार होतात, इओसिनोफिल पेशी गोळा होतात, अस्तर सुजतं, चिकट कफ सुटतो आणि नळीभोवतीचे स्नायू आवळतात. दम लागत नसतो तेव्हाही ही सूज आत धुमसत असते.

म्हणूनच ‘पंपाची सवय लागते’ हा समज सर्वांत घातक. पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, सूज मात्र तशीच राहते. ती उतरवतं ब्युडेसोनाइडसारखं श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळू नये, असं ‘जिना’ ही दम्यावरची जागतिक संस्था 2019 पासून सांगते आहे.

गच्चीवर गादीला ऊन दाखवावं, त्याने माइट कमी होतात. पण विष्ठेतली प्रथिनं टिकून राहतात, आणि काठीने गादी झोडपली की तीच हवेत उडतात. ते काम दमेकऱ्याने करूच नये. चादरी-अभ्रे आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवावेत. गादीला खास कव्हर घातलं की झालं, असंही नाही: ब्रिटनमध्ये 1,122 प्रौढांवर झालेल्या, 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या कव्हरांनी दमा सुधारला नव्हता.

घर जरूर आवरा. पण मुलाला बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याचा स्टिरॉइडचा पंप बंद करू नका.