जोर नको, नुसता स्पर्श

लकवा, संधिवात किंवा कंपवात झालेल्या माणसाच्या हाती टॅबलेट दिला की घरचे हमखास सांगतात, "जरा जोरात दाबा." परळी असो की पुणे, घोळ इथूनच सुरू होतो. आजच्या टॅबलेटचा पडदा दाब मोजतच नाही. आपल्या शरीरातून वीज वाहते. काचेला बोट टेकलं की त्या जागचा विद्युतभार किंचित बदलतो आणि तेवढंच पडद्याला कळतं. जुन्या रेझिस्टिव्ह पडद्यांना दाब लागायचा, ती सवय अजून सुटलेली नाही. उलट जोर लावायला गेलं की बोट घसरतं, तळहात टेकतो आणि भलतंच उघडतं.

म्हणूनच "बोट वळत नाही तर काडीनं दाबा" हा सल्लाही कुचकामी. लाकडी काडीला, प्लॅस्टिकच्या पेनाला पडदा ढिम्म असतो. वीज वाहणाऱ्या टोकाचा स्टायलस लागतो. मूठ वळत नसेल तर तो वेलक्रोच्या पट्टीनं तळहाताला बांधता येतो. पकड जाड व्हावी म्हणून त्यावर फोम किंवा चिंधी गुंडाळतात, आणि तिथेच फसतं: साध्या, बॅटरी नसलेल्या स्टायलसचा कातडीशी संपर्क तुटला की तो बंद पडू शकतो. दांडीचा थोडा धातू हाताला लागू द्यावा.

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बीड जिल्ह्यात आणखी एक गोष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं कोयता चालवून हाताला घट्टे पडतात. जाड, कोरडी कातडी पडद्याला नीट जाणवत नाही, आणि लोक म्हणतात, "ह्याला मोबाइल जमत नाही." दोष अकलेचा नाही, कातडीचा आहे. काही टॅबलेटांत स्पर्शाची संवेदनशीलता वाढवता येते.

"हात थरथरतो, आता टॅबलेट विसरा" हे तर साफ चूक. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या 'ॲक्सेसिबिलिटी'त बोट किती वेळ टेकल्यावर 'दाबून धरलं' समजायचं ते ठरवता येतं. आयपॅडच्या 'टच ॲकोमोडेशन्स'मध्ये लागोपाठचे नकोसे स्पर्श वगळता येतात. तरीही जमेना तर ओटीजी केबलनं साधा माउस जोडावा. बहुतेक अँड्रॉइड टॅबलेटांवर बाण लगेच दिसतो. टॅबलेट मांडीवर न ठेवता स्टँडवर ठेवला तर निम्मी धडपड वाचते.

"मग बोलूनच करू ना सगळं!" गूगलवर मराठीत बोलून टाइप करणं 2017 पासून शक्य आहे. पण मजकूर लिहिणं वेगळं आणि टॅबलेट चालवणं वेगळं. चालवायला अँड्रॉइडमधलं 'व्हॉइस ॲक्सेस' लागतं. ते पडद्यावरच्या बटणांना आकडे देतं. लकव्यात जीभही जड झाली असेल तर आवाजावर भिस्त ठेवता येत नाही. तिथे एकच मोठं बटण जोडून 'स्विच ॲक्सेस' वापरतात: पर्याय एकेक करून उजळत जातात, हवा तो आला की बटण दाबायचं. वेळ लागतो खरा, पण ते बटण डोक्यानं किंवा पायानंही दाबता येतं.

"आधी अंबाजोगाईला जाऊन अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणू," असंही काहीजण म्हणतात. सरकारच्या एडिप योजनेतून साधन हवं तर किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. सेटिंग बदलायला कसलाच कागद लागत नाही.

फक्त या सोयींसाठी अनोळखी लिंकवरून ॲप उतरवू नका. 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मिळालेलं ॲप पडद्यावरचं वाचू शकतं, तुमच्या वतीनं बटणंही दाबू शकतं. बँक खातं रिकामं करणारे भामटे हीच परवानगी मागतात.